पेठेपलीकडचं कोल्हापूर

कोल्हापूरच्या माणसाला आपलं गाव दाखवायची भारी हौस. पाहुणे सकाळच्या गाडीने उतरले की आधी अंबाबाईचं दर्शन, मग भवानी मंडप, चप्पल लाईनीत तासभर घासाघीस, दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं कलल्यावर न्यू पॅलेस आणि दिवेलागणीला रंकाळा. माझ्या घरी आलेल्या प्रत्येकाला मी याच रस्त्याने फिरवलंय. माझी मैत्रीणही तेच करते. ती मंगळवार पेठेतली, मी गंगावेशीजवळची. कॉलेजपासूनची ओळख, आणि दोन घरांत पायी अर्ध्या तासाचंही अंतर नाही. एकदा बोलता बोलता तिने विचारलं, "खासबागच्या मैदानात कधी उतरलीयस?" शेजारच्या रस्त्यावरून मी हजारदा गेले असेन, पण आत कधीच गेले नव्हते. मी तिला विचारलं, "राजाराम बंधारा बघितलायस?" ती म्हणाली, "पेपरात रोज वाचतो की." पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या ज्या बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या फुटांवर जगतं, तो तिने पाहिलाच नव्हता.

तिथेच ठरलं की तिने मला तिचं कोल्हापूर दाखवायचं आणि मी तिला माझं. नियम आम्ही थोडेच केले, पण पाळले. ज्या वेळी पाहुण्यांना नेतो त्या वेळी त्या जागी जायचं नाही. गाड्या घरी ठेवायच्या. ज्या भागात असू तिथल्या माणसाला विचारून खायचं, फोनवरचे तारे बघून नाही. आणि एका सुट्टीला एकच भाग, कारण घाई केली की माणूस फक्त पाट्या वाचत सुटतो.

सुरुवात टाऊन हॉलपासून केली, कारण तो दोघींच्या मध्ये पडतो. सीपीआर हॉस्पिटलच्या समोरची ती बाग आणि उंच टोकदार छपरांची दगडी इमारत कोल्हापुरात कोणाला माहीत नाही? लहानपणी तिथे खेळलेलो आम्ही. पण आतलं वस्तुसंग्रहालय नीट, सावकाश असं पहिल्यांदाच पाहिलं. न्यू पॅलेसचा आराखडा ज्या मेजर मँट यांनी केला, त्यांचंच हे आधीचं काम, १८७०च्या दशकातलं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, एवढं ध्यानात ठेवून जा.

आत एका पेटीत हातात मावेल एवढी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. ती सापडली आमच्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला. माझ्या घरापासून तिथवर चालत दहा मिनिटं. १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तिथे उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव मातीखालून वर आलं. त्या काळी रोमशी व्यापार चालायचा. जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची आणि तिथून बैलांच्या पाठीवर माल घाट चढून वर यायचा. त्या मालात हा देव आला. मी त्या टेकडीच्या पायथ्याशी वाढले आणि ती टेकडी माझ्यासाठी नुसती चढाची वाट होती. मैत्रीण पेटीसमोरून हलेना. "दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे घेतलं असंल गं हितं. पैसे मोजून," ती म्हणाली. ही मूर्ती कुणाच्या देव्हाऱ्यात होती, की दिवाणखान्यात शोभेला ठेवली होती, की विकायला आणली होती, यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो. एकटी असते तर मी पाटी वाचून पुढे सरकले असते.

टाऊन हॉलमधून निघून आम्ही नर्सरी बागेत गेलो. शाहू महाराजांचं समाधिस्थळ तिथे आहे. पण मैत्रिणीला दाखवायचं होतं ते दुसरंच, जुनं, लहानसं स्मारक. १९२५ साली, म्हणजे महाराज गेल्यावर तीनच वर्षांनी, ते उभं करायला पुढाकार घेतला गंगाराम कांबळे यांनी. हे नाव कोल्हापूरबाहेर फार जणांना ठाऊक नसेल, आणि आम्हा कोल्हापूरकरांनाही ते जितकं तोंडावर हवं तितकं नाही.

गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच लोकांनी जबर मारहाण केली. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, वर मदतही केली. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल उभं राहिलं, 'सत्यसुधारक'. चहा चांगला, जागा स्वच्छ, पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कसा, हा प्रश्न. मग महाराज फेरफटक्याला निघाले की आपली गाडी त्या हॉटेलसमोर उभी करायचे, भर रस्त्यात मोठ्याने चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजानेच प्यायल्यावर बरोबरचे नाही कसं म्हणणार?

मला ही गोष्ट शाळेत ऐकल्याचं आठवत होतं. पण नर्सरी बागेतून निघून भाऊसिंगजी रोडच्या फूटपाथवर उभं राहून ती पुन्हा ऐकणं वेगळं. ते हॉटेल आता नाही. आम्ही त्याच रस्त्यावर एका टपरीपाशी थांबून चहा घेतला. काचेचे छोटे ग्लास, उकळून तांबूस झालेला चहा. शेजारी एक हमाल, एक वकील, कॉलेजची दोन पोरं, असे सगळे त्याच किटलीतला चहा पीत उभे होते. कोणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एवढ्याशा गोष्टीसाठी राजाला गाडी थांबवावी लागली होती. चांगलं खाणं कुठे मिळतं हे विचारत आम्ही निघालो होतो. त्या दिवसापासून, इथे कोण कोणाच्या शेजारी बसतं आणि पूर्वी कोण बसायचं, हेही आम्ही बघू लागलो. आमच्या सगळ्या भटकंतीत मला सगळ्यात जास्त दिलं ते या चहाने.

हा रस्ता ज्यांच्या नावाचा, ते भावनगरचे राजे भावसिंहजी शाहू महाराजांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. हे मी सांगितल्यावर मैत्रीण खूश झाली. "म्हणजे मैत्रीचाच रस्ता की हा!"

पुढे दसरा चौक. तिथे उभं राहून नजर फिरवली की बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय लिंगायत आणि इतर समाजांची. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळाल्याशिवाय तो शिकणार नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. मैत्रिणीचे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. ते सांगायचे की जेवणाची घंटा झाली की भाकरीच्या थप्पीकडे पोरं धावत सुटायची. ही आठवण तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्या इमारतीसमोर उभी राहिल्यावर सांगितली. बिंदू चौकातल्या महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्या पुतळ्यांपाशीही आम्ही गेलो. ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. भाई माधवराव बागल यांचा त्यात पुढाकार होता.

मंगळवार पेठेत मात्र मैत्रिणीचंच राज्य. सकाळी आठलाच तिने मला मिसळीच्या दुकानासमोर उभं केलं. उद्यमनगरातलं फडतरे गाजलेलं आहे आणि ते नाव त्याने कमावलेलंच आहे, पण तिने मला नेऊन बसवलं तिच्या गल्लीतल्या चार बाकांच्या जागी, जिथे रोजचे लोक येतात. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड. पाव मागितलात की तुम्ही बाहेरगावचे हे कळतंच. खाली मोडाची मटकी, त्यावर बटाटा, फरसाण, कांदा आणि वरून कट. कट लाल दिसतो म्हणून पहिल्यांदा खाणारा घाबरतो, पण चांगल्या कटात तिखटापेक्षा कांदा-लसूण मसाल्याची, भाजलेल्या खोबऱ्याची आणि तिळाची चव पुढे येते. मैत्रिणीची खूण अशी की नुसता कट चमच्याने प्यावा. घशाला जाळ झाला तर मसाला कच्चा, पोटात ऊब उतरली तर जमलेला. त्या दिवशीचा जमलेला होता. दुकानाच्या मालकिणीला विचारलं तर म्हणाल्या, "मसाला घरात कुटतोय, बाई. डंकावर गेलं की त्येची चव दुसऱ्याच्या मसाल्यात जाती."

मग खासबाग. बाहेरून दिसते ती भिंत. आत शिरलं की जमीन खाली उतरत जाते आणि तळाशी कुस्तीचा हौदा. १९०२ साली शाहू महाराज इंग्लंडला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं काही आपल्या पैलवानांसाठी असावं हे मनात घेतलं. १९१२ साली मैदान सुरू झालं. हौदा मध्ये आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्यालाही पुढच्याचं डोकं आड येत नाही. मैत्रिणीने मला वरच्या कडेला नेलं आणि स्वतः खाली उतरून हौद्यापाशी साध्या आवाजात बोलली. बरंचसं ऐकू आलं. रिकामं मैदान होतं, म्हणून हे करता आलं. कुस्तीच्या दिवशी हलगीच्या कडकडाटात शेजारचंही ऐकू येत नाही, असं ती सांगत होती.

तिच्या मामांच्या ओळखीने एका तालमीच्या दारात उभं राहायला मिळालं. आत जायची रीत नाही. ती मोडायचा आग्रह आम्ही धरला नाही. वस्तादांनी दारातच माती हातावर दिली. तांबडी, बारीक चाळलेली, आणि तिला वास येत होता. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं सगळं त्या मातीत मुरवतात, म्हणजे अंगाला खरचटलं तरी जखम चिघळत नाही आणि माती मऊ राहते. मी ती माती नाकाशी धरून उभी राहिले. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, हे मैत्रिणीकडून कळलं. गणपती तालमीचा, पुराच्या वेळी मदतीला धावणारी पोरं तालमीची आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कोल्हापुरात फुटबॉलची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला भाजीवाला आणि डॉक्टर एकाच रंगाचा झेंडा घेऊन बसतात. ती मला एका सामन्याला घेऊन गेली. माझा संघ कुठला हे आधी ठरव, नाहीतर मजा नाही, असं बजावलं. तिच्याच पेठेचा घेतला. तो हरला आणि ती रात्रभर अस्वस्थ.

खासबागेला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ साली महाराजांनी बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर, पुढे गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मैत्रिणीचं घर तिथून जवळ. त्या रात्री ती आणि पेठेतले शेकडो लोक रस्त्यावर उभे राहून बघत होते. पुढची दगडी भिंत राहिली, आतला रंगमंच आणि छप्पर गेलं. तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन तिथेच व्हायचं, तिथेच ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली होती. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलंय. आम्ही पत्र्याच्या कुंपणापाशी उभ्या होतो तेव्हा आतून कामगारांचे आवाज येत होते. ती म्हणाली, "पडदा वर जाताना जो वास यायचा, धूळ आणि रंगाचा, तो आता कसा आणणार?" मला उत्तर सुचलं नाही. माझ्यासाठी ते नाटकाचं थिएटर होतं, तिच्यासाठी घराचा भाग. तिच्याबरोबर तिथे उभी राहिले नसते तर आगीची बातमी माझ्यापुरती बातमीच राहिली असती.

जवळच खरी कॉर्नरला एका खांबावर जुन्या कॅमेऱ्याची प्रतिकृती आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी परदेशी कॅमेऱ्याचं यंत्र अभ्यासून आपला कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा तयार केला. हेच दामले पुढे १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. प्रभात पुण्याची म्हणून ओळखली जाते, पण पुण्याला ती गेली १९३३मध्ये. या खांबाभोवती दिवसभर रिक्षा वळतात. संध्याकाळी राजाभाऊंच्या भेळेच्या गाडीपाशी बसून आम्ही हेच बोलत होतो, की ज्या गावात चित्रपटाचा कॅमेरा बनला त्या गावातल्या पोरांना तो कधी हातात धरून बघायला मिळेल का. भेळ नेहमीसारखी, चुरमुरे कुरकुरीत असतानाच संपवावी अशी. कोल्हापुरी भेळेत चिंचेचं पाणी हात राखून घालतात, ते मला फार आवडतं.

माझ्या बाजूची पाळी आली तेव्हा मी तिला पहाटे बोलावलं. गंगावेशीचा दूध कट्टा ऐकून सगळ्यांना माहीत. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि ग्लास भरून देतात. उजाडायच्या आत तिथे तालमीतून घामेजून आलेले पैलवान, फिरायला निघालेले म्हातारे, रात्रपाळी संपवून परतणारे असे सगळे असतात. दूध कोमट, वर बोटभर फेस. मैत्रिणीने पहिला घोट घेतला आणि थांबली. पिशवीतल्या दुधाची सवय असलेल्या जिभेला हे जड लागतं, थोडं गोडसर, थोडं गवताच्या वासाचं. तिने दुसरा ग्लास मागितला. गवळ्याला मी लहानपणापासून ओळखते. त्याने म्हशीचं नाव सांगितलं, तिच्या आईचंही सांगितलं. कोल्हापुरात म्हशींना मान आहे. दिवाळीच्या पाडव्याला त्यांची शिंगं रंगवून, सजवून मिरवणूक काढतात, तेव्हा मालकाच्या नुसत्या हाकेवर म्हैस गर्दीतून धावत येते.

तिथून पंचगंगा घाट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच नद्या मिळून पंचगंगा. हिवाळ्यात घाटावरची देवळं पायरीपर्यंत मोकळी असतात. पावसाळ्यात त्यांचे फक्त कळस दिसतात. मी तिला माझ्या खालच्या गल्लीतल्या घरांच्या भिंतीवरचे डाग दाखवले, २०१९च्या ऑगस्टचे आणि त्याहून वरचे २०२१च्या जुलैचे. तिच्या पेठेत पूर ही मदतीची गोष्ट होती. पोरं जेवणाची पाकिटं घेऊन आमच्याकडे यायची. आमच्याकडे ती माळ्यावर सामान चढवायची गोष्ट. एकाच गावात दोघींनी पाहिलेले दोन पूर आम्ही त्या भिंतीशी उभं राहून पहिल्यांदा एकमेकींना सांगितले.

मग कसबा बावड्याकडून राजाराम बंधारा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ. पण बंधारा म्हणजे काय, ते जागेवर कळतं. नदीत दगडी खांबांची रांग, खांबांना उभ्या खाचा. पाऊस सरला की त्या खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या बसवतात, पाणी अडतं आणि शेताला, गावाला मिळतं. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी. महाराष्ट्रभर याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. मैत्रीण मोजपट्टीचे आकडे बोटाने दाखवत मोजत गेली आणि त्रेचाळीसवर थांबून वर, आपल्या डोक्याच्याही वर पाहत राहिली. "पेपरात वाचताना हे एवढं उंच वाटत न्हाई," एवढंच म्हणाली.

मैत्रीण शाकाहारी, त्यामुळे खानावळीचा प्रश्न कसा सुटणार असं घरच्यांना वाटत होतं. तो सुटला चांगला. शुक्रवार पेठेत बायकाच चालवतात अशी एक खानावळ मला माहीत होती. तिने अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी घेतली, मी मटण थाळी. पांढरा रस्सा कसा होतो हे मी इतकी वर्षं खाऊनही विचारलं नव्हतं. तिने विचारलं, खात नसून. स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलं ते असं. मटण आधी मीठ-हळदीत शिजवायचं, त्याचं पाणी म्हणजे अळणी. लहान मुलाला, आजारी माणसाला तेच देतात. पांढऱ्यासाठी मटण शिजवताना हळद टाळायची. मग त्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, पांढरे तीळ, काजू वाटून आणि तिखटपणासाठी फक्त मिरी. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, सतत ढवळायचं, नाहीतर रस्सा फाटतो. "सून आली की तिला आधी पांढराच शिकवतोय. तांबडा कुणालाबी जमतोय," मावशी म्हणाल्या. तांबडा जहाल म्हणून कोल्हापूरची ख्याती, पण कौशल्य बघायचं तर पांढरा मागवा आणि तो आधी, गरम असताना प्या. माझं मत विचाराल तर खानावळीची पारख त्यावरच करावी.

अंबाबाईच्या देवळात आम्ही किरणोत्सवाला गेलो, नोव्हेंबरातल्या ९, १०, ११ या दिवसांपैकी. जानेवारीच्या ३१ला आणि फेब्रुवारीच्या १ व २ला तो पुन्हा होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून गरुड मंडप ओलांडत गाभाऱ्यात जातात. एका दिवशी चरणांवर, मग वर सरकत शेवटी मुखावर. आत फार गर्दी, म्हणून आम्ही महाद्वार रोडला सूर्याच्या बाजूला उभ्या राहिलो आणि किरणांचा रस्ताच पाहिला. वाटेतल्या इमारती, फलक, टाक्या यांचा अडथळा होतो, दरवर्षी त्यावर चर्चा होते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सूर्याची चाल मोजून हे देऊळ मांडलं आणि तो रस्ता मोकळा ठेवणं आपल्या हातात आहे. यात ढिलाई होते तेव्हा मला मनापासून राग येतो.

सध्या चपलांचं चाललंय. २०१९ साली कोल्हापुरी चप्पलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला मिरवल्यावर सगळीकडे नाव झालं. पण कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलं जाताना आम्ही दोघींनीही पाहिलेलं नाही. चप्पल लाईनीतल्या एका कारागिराने कागदावर आमच्या पायांचे आकार काढून घेतलेत, खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवलेली कापशी पद्धतीची चप्पल हवी असं सांगितलंय. कातडं कमावणाऱ्या नातेवाइकांकडे गावी घेऊन जायचं त्याने कबूल केलंय. त्या वाटेवर गुऱ्हाळं लागतात. हंगाम चालू असला तर काहिलीतली गरम काकवी खायचा मैत्रिणीचा बेत आहे. घरून भाकऱ्या मी न्यायच्या, असं ठरलंय.